बाबा, मांगं सरका

आमच्या ऑफिसात कोरोना अंगठ्यावरून शिरला, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

वर्ध्यात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात मी ऑर्डरी घ्यायची. देवळी, कारंजा इकडचे कृषी केंद्रवाले फोन करायचे, मी कॉम्प्युटरवर टाकायची आणि गोदामातून माल निघायचा. लॉकडाऊनमध्ये हेच काम मी नालवाडीतल्या घरून केलं. ऐन पेरणीच्या हंगामात केलं, आणि माझ्यामुळे कोणाची एक पिशवी अडली नाही. घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबांचं आयुष्य देवळीच्या जिनिंगमध्ये गेलं, कापसाची धूळ खाऊन छाती पार कामातून गेलेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना हा आजार झाला तर निभावणार नाही. त्यामुळे घरून काम ही माझ्यासाठी चैन नव्हती.

तान्हा पोळा झाला आणि त्याच आठवड्यात साहेबांनी मोबाइलवर मीटिंग लावली. वर्ध्यात तेव्हा कुठे पेशंट वाढायला लागले होते. साहेब म्हणाले, "सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं. कोणाची हरकत असेल तर मोकळेपणाने सांगा."

हिशेब बघणारे काका आदल्याच दिवशी मला फोनवर म्हणाले होते, "मी तं साफ सांगतो साहेबाले. जीव गेला तं कंपनी वापस देईन काय?" मीटिंगमध्ये त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "साहेबाचं बराबर आहे. घरी बसून काम होत नाई." माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तर खूशच झाली. तिच्याकडे सासू, सासरा, नवरा, दीर सगळे दिवसभर घरात, आणि हिचा चहाचा गंज काही गॅसवरून उतरत नव्हता. तिला ऑफिस माहेरासारखं वाटत होतं, त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. हरकत सांगितली ती मी एकटीने, बाबांच्या छातीसकट. साहेब म्हणाले, "म्हातारी माणसं सगळ्यांच्याच घरी आहेत, मॅडम. घरोघरी मातीच्या चुली." इतक्या गोड आवाजात म्हणाले की अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

सोमवारी गेले. दारातच सॅनिटायझरची बाटली, आणि तिच्या शेजारी हजेरीचं अंगठ्याचं मशीन. आधी हात सॅनिटायझरने चोळायचे, मग अंगठा लावायचा. आता सॅनिटायझरने बोट कोरडं ठण्ण पडतं, आणि कोरडा अंगठा मशीन काही ओळखत नाही. यावर आमच्या ऑफिसाने उपाय शोधला. मास्क खाली ओढायचा, अंगठा तोंडाजवळ नेऊन त्यावर 'हाऽ' करून वाफ सोडायची आणि तोच ओला अंगठा मशीनवर दाबायचा. सगळे शिकलेले लोक. एकामागे एक उभे राहून, मास्क गळ्यात घेऊन, प्रत्येक जण आपापला श्वास त्याच काचेवर ठेवून आत जायचा. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच.

मी साहेबांना म्हटलं, रजिस्टर ठेवा, आपापल्या पेनाने सही करतो. ते म्हणाले, मुख्य ऑफिसला मशीनचाच रेकॉर्ड लागतो. स्वतः साहेबांना अंगठा लावावा लागत नव्हता. ते काचेच्या केबिनमध्ये बसून आमच्याशी फोनवर बोलायचे. म्हणजे फोनवर काम होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

घरी वेगळाच छळ. मी ऑफिसातून आले की दार उघडून पाण्याचा पेला हातात द्यायचा, ही बाबांची कायमची सवय. आई गेल्यापासून तर त्यांनी ती कधी चुकवली नव्हती. पहिल्याच दिवशी ते पेला घेऊन दारात आले आणि मी ओरडले, "बाबा, मांगं सरका." ते घाबरून सरकले, पाणी शर्टावर सांडलं. मी तशीच बाजूच्या बोळातून मागच्या न्हाणीत गेले. मग रोज तेच. मी फाटकातूनच ओरडायची आणि ते सरकायचे. काही दिवसांनी ते पेला उंबऱ्यावर ठेवून आधीच भिंतीला टेकून उभे राहायला लागले. राग माझा ऑफिसावर होता, पण तो ऐकायला घरी तेवढे बाबाच होते.

एका सकाळी काका माझ्या पुढे रांगेत होते. त्यांना खोकला होता. "एसीचा हाय," म्हणाले, आणि अंगठ्यावर 'हाऽ' केलं. त्यांच्यानंतर मी तेच मशीन दाबलं. त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पाठोपाठ माझा. काका दवाखान्यातून अर्धे होऊन परत आले. मी घरीच राहिले, समोरच्या खोलीत, मधलं दार लावून. माझा ताप लवकर उतरला. पण पलीकडून बाबा खोकले की मी दाराला कान लावून बसायची. खोकला रोजचा आहे की नवा, एवढंच ओळखायचा प्रयत्न चालायचा. ते पिठलं-भाकर करायचे, ताट उंबऱ्यावर ठेवायचे आणि दार वाजवून लांब जाऊन उभे राहायचे. मी जेवून, ताट अंगणातल्या नळावर घासून परत उंबऱ्यावर ठेवेपर्यंत तिथेच. बाबांना काही झालं नाही. हे माझं नशीब, साहेबांचं नियोजन नव्हे.

आणि आता गंमत ऐका. साथ संपली, लोक मास्क विसरले, आणि मागच्या वर्षी कंपनीने वर्ध्याचं ऑफिसच बंद केलं. भाडं परवडत नाही म्हणे. आता सगळ्यांनी कायम घरून काम करायचं. तेच साहेब मोबाइलवरच्या मीटिंगमध्ये सांगतात की घरून काम किती शांतपणे होतं. वरातीमागून घोडं, आणि घोड्यावर साहेब. काका मान हलवून म्हणतात, "साहेबाचं बराबर आहे."

मी समोरच्या खोलीत टेबल टाकलं आहे. संध्याकाळी काम आटोपून कॉम्प्युटर बंद केला की बाबांना तो आवाज बरोबर कळतो. ते पाण्याचा पेला घेऊन येतात, मधल्या उंबऱ्यावर ठेवतात आणि मागे सरकून भिंतीला टेकतात. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, हातात द्या ना. मी दिवसभर घरातच आहे, कुठं गेलती?"

"राहू दे," ते भिंतीपासूनच म्हणाले. "सवय मोडाची नाई. तुयं हापिस कवा बलावून घेईन, काई नेम नाई."