पहिल्या नंबरचा पैलवान

आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी एकच वाद रंगायचा. आजवर झाले तेवढ्या पैलवानांत पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. आमचं गाव मोशी आणि चाकणच्या मधलं. वडील गावच्या तालमीचे वस्ताद, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता उभा राहत होता आणि गावातली काही तरणी पोरं सायकलवरून तिथं कामाला जायला लागली होती. ती परत आली, हातपाय धुऊन झाले, की तालमीतल्या मंडळींबरोबर ओट्यावर येऊन बसायची. मी आत चुलीपुढे भाकऱ्या थापायची, पण कान बाहेर.

कुणी म्हणायचं, कोल्हापूरच्या महाराजांनी पोसलेला तो काळा मल्ल पहिला, त्यानं हत्तीच्या बळाचे गडी उताणे पाडले. दुसरा लगेच उसळायचा, "पाडले आसतील, पर समद्या कुस्त्या घरच्याच मातीत. बाहीर कुठं लढला त्यो?" पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतून एक सिंधी कापडवाला सायकलवर गठ्ठा बांधून गावोगाव फिरायचा. आमच्या गावात आला की तो माल विकायचा सोडून या वादात बसायचा. त्यानं फाळणीच्या आधी लाहोरकडचे पैलवान डोळ्यांनी पाहिलेले. "वस्ताद, तुम्ही बघितला नाही ना त्याला," तो हळहळून म्हणायचा, "उभा राहिला की दार झाकून जायचं." मग सगळे आबांकडे बघायचे. निवाडा त्यांचा असायचा. आबा कधी एकाला वर चढवायचे, कधी दुसऱ्याला खाली उतरवायचे, पण कारण दिल्याशिवाय नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, खांबाला टेकून हे सगळं ऐकत असायचा. आबांचा सगळ्यात तयारीचा पठ्ठा तोच. कुणीतरी हमखास विचारायचं, "वस्ताद, आन् आपला पैलवान कितवा म्हनायचा?"

आबा म्हणायचे, "त्याची कुस्ती आजून व्हायची हाय."

सगळे हसायचे. दादा हसत नसे. तो उठून तालमीत जायचा आणि अंधार पडेपर्यंत जोर काढायचा.

त्या वर्षी चैत्रात, भैरवनाथाच्या यात्रेला, पंचांनी शेवटची जोड दादा आणि खेडचा पैलवान अशी लावली. शेवटची कुस्ती म्हणजे यात्रेतली सगळ्यात मोठी कुस्ती. खेडचा पैलवान दादापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा, लग्न झालेला, आणि तालुक्यात त्याची पाठ कुणी मातीला लावलेली नव्हती. जोड जाहीर झाली त्या दिवसापासून दादाचं बोलणं बंद झालं. मी दूध घेऊन गेले की पेला घ्यायचा, रिकामा करून परत द्यायचा, बस्स. यात्रेच्या आदल्या दिवशी मात्र पेला हातात धरून तो म्हणाला, "आबांना इचार की, म्या जिकलो तर कितवा."

"तूच इचार."

"मला सांगायचे न्हाईत त्ये."

मी विचारलं नाही. आबांना असलं काही विचारायचं माझंही धाडस नव्हतं.

बायकांनी कुस्त्यांच्या फडात जायची रीत नव्हती. आम्ही देवळाच्या ओट्यावर उभ्या राहिलो. तिथून दिसायचे ते नुसते फेटे आणि पाठी. कुस्ती आम्ही ऐकायचो. हलगी हळू चालली तर गडी अंदाज घेताहेत, चढली तर कुणीतरी पकड घेतली, आणि एकदम आरोळी उठून टोप्या उडाल्या की कुणाची तरी पाठ लागली. माझ्या शेजारी एक हिरव्या लुगड्यातली बाई उभी होती. तिची बोटं सारखी मणिमंगळसूत्राशी चाळा करत होती. खेडच्या पैलवानाची ती बायको, हे मला एका म्हातारीनं कानात सांगितलं. मी जरा बाजूला सरकले.

शेवटची कुस्ती लागली तेव्हा उन्हं कलली होती. हलगी बराच वेळ हळूच वाजत राहिली. मग चढली. माणसं उठून उभी राहिली, होतं तेवढं दिसणंही बंद झालं. पंचांचा मोठा आवाज आला, "सोडा! सोडा! मधी या!" त्यावर हलगीचा कडकडाट, मग माणसांची आरोळी. पण ती आरोळी अर्ध्यातच तुटली. टोपी एकही उडाली नाही. हलगी थांबली.

तशी शांतता मी यात्रेत कधी ऐकली नव्हती. शेजारची बाई ओट्यावरून खाली उतरली आणि गर्दीत घुसली. बायकांची रीत वगैरे काही तिच्या ध्यानात राहिलं नाही. तिच्यामागे मीही गेले, का ते आजही सांगता येत नाही.

दोघं झटापटीत आखाड्याच्या कडेला आले होते. पंचांनी सोडा म्हटलं, तोवर दादानं त्याला खांद्यावर उचललं होतं, आणि तसाच टाकला. तो तांबड्या मातीत पडलाच नाही. डोकं आणि मान कडेच्या टणक जमिनीवर आली. मी पोचले तेव्हा तो उताणा पडला होता, डोळे उघडे, पण हातपाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे पडलेले. दादा बाजूला उभा होता. त्याच्याभोवती खेडची माणसं जमत होती, काहींच्या हातात काठ्या होत्या.

आबा पुढे झाले आणि गुडघ्यावर बसले. "कुनी हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "मान हलली तर मानूस गेला. तालमीचं दार काडून आना." चार पोरं धावली. आबांनी मान वर केली, दादाकडे नाही, पंचांकडे बघितलं. "माज्या पोराला देवळात बसवा आन् कडी घाला. काठ्या घेऊन देवळात कुनी शिरनार न्हाई." खेडच्या एका म्हाताऱ्यानं आपल्या माणसांपुढे हात आडवा धरला. बस, तेवढ्यावर ती वेळ टळली. म्हाताऱ्याचा हात जरा ढिला पडला असता तर त्या दिवशी किती मुडदे पडले असते, देव जाणे.

चाकणच्या बाजारातून कांदा भरून पुण्याला निघालेली एक लॉरी सडकेवर यात्रेच्या गर्दीत अडकली होती. पोरांनी निम्मी पोती खाली फेकली. दारावर पैलवानाला तसाच सरकवून वर चढवला. आबा त्याच्या पायांशी बसले. त्याच्या बायकोनं उशाशी बसून दोन्ही हातांनी त्याचं डोकं कानांपाशी धरलं. आबा मला म्हणाले, "तू चल. तिच्याजवळ बाईमानूस पायजे."

दुसऱ्या बाजूनं मी डोकं धरलं. रस्ता खड्ड्यांचा. दर हिसक्याला आम्ही दोघी आपलं अंग सैल सोडायचो आणि हात घट्ट करायचो. मोशीचा पूल गेला, भोसरी मागे पडली. कांद्याच्या वासानं डोळे चुरचुरत होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता. ती त्याच्याशी बोलत होती. बैल कुणी सोडले असतील, सासूला कुणी सांगितलं असेल, असलंच काहीबाही. मग एकदम म्हणाली, "ज्यानं ह्ये केलं त्याचा हात लुळा पडंल."

आबा पायांशी बसून होते, त्यांनीही ऐकलं. ते रस्त्याकडे बघत राहिले.

कासारवाडीला रेल्वेचं फाटक बंद होतं. लॉरी थांबली. ड्रायव्हर उतरून फाटकवाल्याशी हुज्जत घालायला गेला, पण गाडी जवळ आली होती, फाटक उघडणार नव्हतं. लॉरी थांबली तसं पैलवानाचा श्वास ऐकू यायला लागला. आखूड, वरचेवर तुटणारा. आम्ही दोघी त्या श्वासाकडे कान लावून बसलो. एक आला की पुढचा येईतो जीव टांगलेला.

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तू कुनाची गं?"

"वस्तादांची लेक."

"म्हंजी त्याची भन?"

"व्हय."

गाडी आली. मालगाडी होती, संपता संपेना. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं आणि मला त्याचं बरंच वाटलं. तिची नजर माझ्यावरून हलली नव्हती. ती आता माझे हात झिडकारणार, असं मला वाटलं. मी हात उचलावेत की ठेवावेत ते कळेना. शेवटचा डबा गेला, फाटक कुरकुरत वर झालं, आणि ती म्हणाली, "हात काडू नगंस. पुढं रस्ता लई खराब हाय."

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या आणि सांगितलं, जगेल की नाही, जगला तर उठेल की नाही, इतक्यात काही बोलता येणार नाही. रात्र आम्ही व्हरांड्यात काढली. ती एका खांबाला टेकून, मी दुसऱ्या.

सकाळी खेडची माणसं आली, आमच्या गावचीही आली, आणि दवाखान्याच्या आवारातच ओट्यावरचा वाद पुन्हा सुरू झाला. आमच्यातला एक म्हणाला, काही झालं तरी पाडला तो पाडलाच, आता आपला गडी तालुक्यात पहिला. खेडचा एक त्याच्या अंगावर धावून गेला. आबा मधे जाऊन उभे राहिले. आमच्या माणसाला म्हणाले, "घरी जा. ह्या दारात परत नंबर काडलास तर माज्या तालमीची पायरी चडायची न्हाई."

तेवढ्यात दादा आला. देवळाची कडी काढल्यावर तो सायकल हाणत एकटाच आला होता. कपाळावर वाळलेली तांबडी माती तशीच. आबांनी त्याला पायऱ्यांपाशी थांबवलं.

"पंच सोडा म्हनले, त्ये आयकलं व्हतंस का?"

हलगीचा आवाज होता, माणसं ओरडत होती. नाही म्हटलं असतं तर कुणीही विश्वास ठेवला असता. मी तर मनात म्हणत होते, नाही म्हण, दादा.

"आयकलं व्हतं," तो म्हणाला.

"मग?"

"वाटलं, आता सोडला तर परत आसा घावायचा न्हाई."

आबा खाली पायरीवर बसले. एवढा ताठ माणूस, पण बसताना त्यांनी हातानं भिंत चाचपली. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग? आत जा. त्याला सांग."

दारात खेडच्या माणसांनी त्याला अडवलं. पैलवानाची बायको आतून बाहेर आली. तिनं दादाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि बाजूला झाली. "जाऊ द्या," ती आपल्या माणसांना म्हणाली. "काय बोलतोय त्ये ह्यांस्नी आयकू द्या."

मी दारातून बघत होते. पैलवानाला मान वळवता येत नव्हती, तो छताकडे बघत होता. म्हणून दादाला त्याच्यावर वाकून आपलं तोंड त्याच्यापुढे आणावं लागलं. दादा जे बोलला ते मला ऐकू आलं नाही. पैलवानाचा आवाज मात्र आला, घोगरा.

"माजी पाठ लागली का रं?"

"न्हाई," दादा म्हणाला. "कुस्ती झालीच न्हाई." आणि तो तिथंच, त्याच्यावर वाकलेला, रडायला लागला. त्याचे अश्रू पैलवानाच्या छातीवर पडत होते आणि त्याला ते पुसता येत नव्हते.

पैलवान जगला. आधी एका हाताची बोटं हलली, मग पाय. पावसाळ्याच्या तोंडाला त्याला बैलगाडीतून घरी नेलं. डावा हात मात्र कायमचा अधू राहिला. लंगोट सुटला तो सुटलाच. दादानंही त्यानंतर आखाड्यात पाऊल टाकलं नाही. आबांनी त्याला तसं सांगितलं नव्हतं, आणि थांबवलंही नाही. मृगाच्या आधी दादानं आमचे बैल जुंपले आणि खेडला गेला. त्या वर्षी पैलवानाच्या रानातली नांगरट, बाजरीची पेरणी, कोळपणी, सगळं त्यानं केलं.

ओट्यावरची बैठक पावसाळ्यात पुन्हा हळूहळू भरायला लागली. लोक दादाचा विषय टाळायचे. एकदा कापडवाला भिजत आला, आणि त्याला राहवलं नाही. "वस्ताद, खरं सांगा आता. सगळ्यात पहिला कोण?"

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून दाराशी आले.

"म्या जे थोर बगितले," ते म्हणाले, "त्यांच्यात बळाला कमी-जास्त व्हते, डावाला कमी-जास्त व्हते. पर दुसऱ्याचा जीव हातात आला की सोडा म्हनल्यावर सोडायचे. त्या सोडनाऱ्यांत पहिला-दुसरा मला लावता येत न्हाई. आन् बाकीच्यांचा लावायचा न्हाई." कापडवाला लाहोरच्या मल्लाबद्दल काहीतरी बोलणार होता, पण त्यानं गठ्ठा आवरला.

दसऱ्यानंतर ज्वारीच्या पेरणीला मी दादाबरोबर खेडला गेले. पैलवान तोवर काठी धरून बांधापर्यंत यायला लागला होता. बांधावर बसून तो दादाला ओरडायचा. पाभर वाकडी चाललीय, बैलांना हिसके देऊ नकोस, तुमच्याकडं ह्याला पेरणी म्हणतात व्हय. दादा निमूट ऐकायचा. एकदा मात्र म्हणाला, "मग या की, धरा," आणि दोघंही हसले. मला ते हसणं ऐकून भीतीच वाटली, इतक्या दिवसांनी ऐकत होते.

त्याची बायको माझ्याशी बोलायची. दादाशी नाही. त्याची भाकरी ती फडक्यात बांधून बांधावर ठेवायची आणि पाठ करून निघून जायची. त्याला पाणी हवं असेल तर मला सांगायची. पुढं दादा पिंपरीला कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, पैलवान त्या लग्नात पंगतीला बसला. ती आली नाही. मला मात्र तिनं लुगडं पाठवलं होतं.

पण ते सगळं नंतरचं. त्या ज्वारीच्या पेरणीच्या शेवटच्या दिवशी पैलवान काठी टाकून उठला. म्हणाला, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंतचं एक तास आपण धरणार. उजव्या हातानं त्यानं पाभर धरली, डावा कमरेशी लोंबत होता. बैल चालायला लागले. पाय अडखळत होते, ढेकळांत घोटे मुरगळत होते, पण तो चालला. दादा मागून चालत होता, जरा अंतर ठेवून, कारण पैलवानानं त्याला जवळ येऊ नको म्हणून दटावलं होतं. आम्ही दोघी बांधावर उभ्या होतो. तासाच्या मध्यावर पैलवान झुकला, सावरला, पुन्हा झुकला. तिनं माझं मनगट धरलं. तिची नजर रानातून हलली नाही.

"तुज्या भावाला सांग," ती म्हणाली, "जरा जवळ ऱ्हा म्हनावं."