कानाने वाचायची गणितं

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच लिहायला बसलो आहे. सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

कॉलेजच्या फाटकासमोर, जिन्याखालच्या खोलीत तिचं टायपिंगचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीत बहुतेक मीच असतो. निवृत्तीनंतर घरात माझी अडचण होते असं सूनबाई कधी म्हणत नाही, पण मी बसलो की नेमकी तीच खुर्ची तिला झाडायची असते.

बहिणीचं नाव आहे ते गणितासाठी. साधा मजकूर कुणीही टाइप करतं, सूत्रं आली की लोक हात वर करतात आणि तिचा पत्ता देतात. ती स्वतः गणित फारशी शिकलेली नाही. पण अपूर्णांकाची रेघ दोन्ही बाजूंना केसभर जास्त हवी, घातांक अक्षराच्या खांद्यावर बसायला हवा, डोक्यावर नव्हे, अशी तिची नजर. वर्डमध्ये सूत्रांसाठी वेगळी सोय असते, ती तिला आवडत नसे. "तयार कपडे आहेत ते दादा, कुणालाच नीट बसत नाहीत," म्हणायची. वरच्या ओळीला अधोरेखित करून ती अपूर्णांकाची रेघ काढायची, छेद खालच्या ओळीत जागा सोडून बरोबर मध्ये आणायची. तिची पानं प्राध्यापक एकमेकांना दाखवत.

यंदा गणिताच्या सरांनी त्यांच्या उदाहरणसंग्रहाची फाइल एका विद्यार्थिनीला द्यायला सांगितली. संग्रह बहिणीनेच टाइप केलेला. मुलगी जन्मापासून अंध. कॉम्प्युटर तिला मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो आणि ती ऐकून अभ्यास करते.

काही दिवसांनी ती दुकानात आली. काठी दाराशी टेकवून म्हणाली, "काकू, फाइलबद्दल थँक्यू म्हणायला आले. मी विषय बदलतेय. सोमवारी शेवटची तारीख आहे."

"का गं? सर काही बोलले का?"

"नाही हो. वर्गात सगळं कळतं. घरी तुमची फाइल लावली की एकही उत्तर जुळत नाही. मला उगाच वाटत होतं, आपल्याला गणित येतं."

हे तिने इतकं शांतपणे सांगितलं की माझा चहा हातातच राहिला.

"तुला काय ऐकू येतं ते मला ऐकव," बहीण म्हणाली. मुलीने स्वतःचा लॅपटॉप उघडून हेडफोनची वायर काढली. आवाज म्हणाला, "क्ष दोन अधिक तीन य."

मी पडद्याकडे बघत होतो. तिथे क्षचा वर्ग होता, अधिक तीन होते, त्याखाली रेघ आणि रेघेखाली य.

"दादा, डोळे मीट."

"मिटले तर इथेच झोपेन."

"झोप, पण आधी ऐक. रेघ कुठे आहे सांग."

रेघ कुठेच नव्हती. वर्गही नव्हता. आम्हाला दिसत होतं ते दिसण्यापुरतंच. कॉम्प्युटरच्या लेखी ती नुसती एकामागे एक उभी असलेली अक्षरं होती, आणि मुलगी बिचारी भागायचं तिथे गुणत बसली होती.

बहिणीचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "पोरी, तुझं गणित चुकलेलं नाही. सोमवारपर्यंत काही बदलू नकोस."

त्याच दुपारी तिने वर्डमधली ती नावडती सोय उघडली आणि संग्रह पहिल्यापासून पुन्हा टाइप करायला घेतला. बोटं जुन्या वळणावर जायची, की ती स्वतःलाच दटावायची. एकेक सूत्र झालं की भिंतीकडे तोंड करून बसायची आणि कॉम्प्युटरला वाचायला लावायची. "अपूर्णांक सुरू. क्षचा वर्ग अधिक तीन. छेद य. अपूर्णांक संपला." कुठे अडखळलं की पुन्हा टाइप.

मेहुण्यांचा फोन आला, "घरी यायचंय, की दुकानाशीच लग्न लावलंयस?"

"तुमच्याशी लावून काय मिळालं?" म्हणून तिने फोन ठेवला.

मला राहवलं नाही. "अगं, आधीची पानं किती सुरेख होती."

"होती ना. पण तिला काय त्याचं?"

सोमवारपर्यंत पहिली तीन प्रकरणंच झाली. मुलगी कॉलेजच्या ऑफिसला जाता जाता आली, विषय बदलायचा अर्ज पिशवीत होता. मी उठून तिला खुर्ची दिली. आवाज तिने इतका भरभर लावला की मला शब्दही उमजेना. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली आणि उत्तर सांगितलं. बहिणीने संग्रहाच्या मागच्या, उत्तरांच्या पानावर बोट ठेवलं. बरोबर. पुढचंही बरोबर. तिसरं चुकलं, आणि बहिणीचं बोट तिथेच थांबलं.

"थांबा काकू, सांगू नका," मुलगी म्हणाली. तिने पुन्हा ऐकलं. "उणे मीच विसरले. आता?"

आता बरोबर होतं.

त्यानंतर ती सोडवतच राहिली. शेवटी मलाच काळजी वाटून विचारलं, "बाळ, ते ऑफिस बंद व्हायचं ना?"

"होऊ दे, काका," ती म्हणाली. "काकू, चौथं प्रकरण कधी देताय?"

"माणसाला श्वास तरी घेऊ देशील?" बहीण म्हणाली, आणि कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढून बसली.