ध्येय: मुकादमाची जिरवणे

माझ्या ताईच्या व्यायामाच्या तक्त्यात सगळ्यात वर ध्येयाचा रकाना आहे. लोक तिथे वजन लिहितात, कंबरेचा घेर लिहितात. ताईनं ठळक अक्षरांत लिहिलंय, 'मुकादमाची जिरवणे'.

ताई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. सोळा वर्षं तिनं मोठं मशीन सांभाळलं. ओल्या चादरी ड्रममधून ओढून काढायच्या, गाठोडं बांधायचं, उचलून ढकलगाडीवर टाकायचं. मग खांदा धरला, तीन महिने रजा झाली. परत गेली तर मुकादमानं सगळ्यांसमोर तिची परीक्षा घेतली. वीस गाठोडी उचलून दाखवा म्हणे! सहावं तिच्या हातून निसटलं आणि मेला खदाखदा हसला. "बाई, आता तुम्ही टेबलावर घड्या घाला." घड्यांचं टेबल म्हणजे थकल्याभागल्यांची जागा. ताई घरी आली ती दातओठ खात. तिला तिचं मशीन परत हवं होतं, आणि तेही त्याच्या नाकावर टिच्चून.

डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हटल्यावर तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत कारकून, दिवसभर खुर्चीला चिकटलेली. फोनवर बघून मी सगळेच व्यायाम रोजचे लिहून टाकले. चौथ्या दिवशी ताईचा हात वेणी घालायलासुद्धा वर जाईना. मीच घातली, शिव्या खात. मग पाळ्या लावल्या. एक दिवस पायांचा, खुर्चीवरून उठबस. एक दिवस पाठ आणि हात, भरलेल्या बादल्या. मधे नुसते जिने चढायचे, म्हणजे दम वाढतो आणि हातांना सावरायला वेळ मिळतो. रविवारी काही नाही. पोट सपाट करायचे प्रकार तिनं स्वतःच खोडले. "सपाट पोटानं काय चादरी ओढू?"

महिनाभर सगळं झकास चाललं. एका सकाळी तिनं बादली दाणकन खाली ठेवली. "अगं शहाणे, बादलीला कडी असते. चादरीला कुठे असते?"

खरंच की! ड्रममध्ये ओल्या चादरी एकमेकींत पीळ घालून बसतात. एक ओढली की दहा येतात. तिथे जोर लागतो मुठीत आणि वळणाऱ्या कमरेत. सोळा वर्षं हेच काम केलेली बाई महिनाभर मुकाट बादल्या उचलत राहिली, कारण तक्ता मी छान छापून आणला होता.

मग बादल्या गेल्या आणि घरातली पांघरुणं टबात भिजली. गुंतवायची, ओढायची, पिळायची, वळून खुर्चीवर टाकायची. भावजी म्हणाले, "अगं, आज मी पांघरू काय?"

"माझा राग पांघरा. चांगला उबदार आहे."

दोन महिन्यांनी तिनं स्वतःहून परीक्षा मागितली. दोन्ही पाळ्यांच्या बायका हजर असतील अशी वेळ निवडली. वीस गाठोडी झाली. एकविसावं कुणी न सांगता उचललं. मग म्हणाली, "मुकादम, आता तुम्ही दाखवा की. नव्या बायकांनाही शिकायला मिळेल." सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. नाही कसं म्हणणार? तिसऱ्या गाठोड्याला गडी ओल्या फरशीवर बसला तो बसलाच. बायका पोट धरधरून हसल्या. मशीन त्याच दिवशी ताईला परत मिळालं.

मला त्याची दया यायला हवी होती म्हणे. छे! मी तिच्याकडून ती हकिगत तीनदा वदवून घेतली.

पण दुसऱ्या सकाळी बघते तर ही पुन्हा टबाशी, पांघरूण पिळतेय. "अगं, झालं ना आता? जिरली ना त्याची?"

"त्याची जिरली गं." तिनं पीळ आणखी घट्ट केला. "पण त्या दिवशी सहावं गाठोडं पडलं आणि तो हसला ना, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसले होते. त्याला बरं वाटावं म्हणून."