बंदुकीच्या पेटीची चावी

"साहेब, हवालदार चार दिवस झोपलेला नाही," सॅटेलाइट फोनवर सावंत सांगत होता. सावंत आमच्या जहाजावरचा चीफ कुक, मालवणचा. "गॅलीत, माझ्या किचनात येऊन बसतो. चहा मागतो नि पीत नाही. पण माजा नाव घेव नकात हां!"

सकाळचे दहा वाजले होते. मी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात नुकताच कोपीचा, म्हणजे इथल्या गोड कॉफीचा, पहिला घोट घेतला होता. मी कप बाजूला ठेवला.

मी तेव्हा एका शिपिंग कंपनीत डीपीए होतो. म्हणजे किनाऱ्यावरचा असा माणूस, ज्याला जहाजावरचा कोणीही कॅप्टनला न विचारता थेट फोन करू शकतो. एरवी फोन यायचे ते जेवणाच्या नाहीतर एसीच्या तक्रारींचे. हे प्रकरण वेगळं होतं. त्या वर्षांत सोमाली चाच्यांची दहशत होती, म्हणून श्रीलंकेजवळ चार सशस्त्र गार्ड जहाजावर चढायचे आणि तांबड्या समुद्रात उतरायचे. हवालदार जगताप या चौघांचे प्रमुख. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. जहाज आता अरबी समुद्रात होतं आणि त्यावर बावीस खलाशी होते.

मी कालचा नून रिपोर्ट काढला. कॅप्टन रोज दुपारी बारा वाजता ऑफिसला जो अहवाल पाठवतो, तो हा. शेवटी लिहिलं होतं, 'ऑल वेल'. परवाही तेच. तेरवाही तेच.

नियम सरळ होता. गार्डच्या मानसिक प्रकृतीबद्दल शंका आली, की त्याच दिवशी त्याच्या सिक्युरिटी कंपनीला लेखी कळवायचं. मग त्याचं शस्त्र काढून घेतात, आणि डॉक्टरने फिट म्हणेपर्यंत त्याचा बंदूक बाळगण्याचा परवाना थांबवतात. परवाना थांबला की नोकरीही थांबली. जगतापांना दुसरं काही येत नव्हतं.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आपला माणूस आहे, जरा सांभाळून घेऊ. याची मला आजही लाज वाटते.

सुदैवाने माझे बॉस मिस्टर टॅन शेजारच्याच केबिनमध्ये होते. त्यांना सांगितलं.

"कॅप्टन रिपोर्ट ऑल वेल, राइट?" त्यांनी विचारलं.

"येस. मे बी वी वेट वन डे?"

त्यांनी चष्मा काढला. "वेट फॉर व्हॉट? माय एनएस टाइम, वन बुलेट मिसिंग, होल कॅम्प कॅनॉट गो होम. यू नो ऑलरेडी, मस्ट रिपोर्ट लाह."

एनएस म्हणजे इथली सक्तीची सैनिकी सेवा. त्यातून गेलेल्या माणसाशी बंदुकीच्या बाबतीत हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. पण कळवण्याआधी जगतापांशी एकदा बोलावं, एवढी परवानगी मी मागून घेतली. सावंतचं नाव न घेता ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षात, फोन लावून जगतापांना बोलावलं.

"हवालदारसाहेब, झोप कशी आहे?"

ते म्हणाले, "म्हणजे कॅप्टनसाहेबांनी आज सांगितलं म्हणायचं."

"काय सांगितलं?"

"मागल्या ट्रिपला एका होडीवर इशाऱ्याचे बार काढले मी. जवळ आल्यावर बघतोय तर दोन म्हातारे कोळी, हात वर करून बसलेले. कुणाला लागलं नाही. पण आता कुठलीबी होडी दिसली की डोळ्यांवर भरवसा बसत नाही, साहेब. म्हणून चार दिवसांमागं माझ्या रायफलच्या पेटीची चावी कॅप्टनसाहेबांना दिली. म्हटलं, वर कळवा, मला डाक्टरला दाखवा."

ज्याच्याबद्दल कळवू की नको म्हणून आमची घालमेल चालली होती, त्याने स्वतःच कळवून टाकलं होतं!

कॅप्टन कुलकर्णींना फोनवर घेतलं. पुण्याचे, अत्यंत सज्जन.

"चावी माझ्या तिजोरीत आहे," ते म्हणाले. "सेफ आहे."

"आणि रिपोर्ट?"

"अहो, दोन मुली आहेत त्याच्या. एका ओळीने करिअर संपलं असतं. म्हटलं, चार दिवस विश्रांती घेईल, होईल ठीक."

"पण डॉक्टर त्याने मागितला होता ना?"

"हो, पण त्याला परिणाम माहीत नसतील असं वाटलं मला."

फौजेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला म्हणे परिणाम माहीत नव्हते!

अर्ध्या तासात लेखी कळवलं. 'गार्डने स्वतःहून सांगितले व चावी जमा केली,' हे वाक्य मी सर्वांत वर टाकलं. डॉक्टरांचा सल्ला फोनवरून सुरू झाला. उरलेले तिघे पहारा देत राहिले आणि जगताप पुढच्या बंदरात उतरून घरी गेले. परवाना थांबला तो आठ महिने. ते दिवस त्या घराला जड गेले, हे मी नाकारत नाही. पण उपचार झाले, डॉक्टरने फिट म्हटलं, आणि त्या वरच्या वाक्यामुळे सिक्युरिटी कंपनीने त्यांना परत घेतलं. कॅप्टनना ताकीद मिळाली. ताकीदपत्राचा मसुदा मलाच करावा लागला.

पुन्हा जहाजावर चढण्याआधी जगतापांचा फोन आला. मी भीतभीतच विचारलं, "हवालदारसाहेब, परत तसं वाटलं तर चावी द्याल?"

"देणार की," ते म्हणाले. "फकस्त या खेपेला पोच घेऊन."