मनातलं सगळं कुमुदआत्यांना

परिपूर्ण व्हायला निघालेली बाई कुठे जाऊन आदळते, हे ऐकायचं असेल तर चहा ओतून घ्या आणि जरा जवळ सरका. हे मी मोठ्याने सांगणार नाहीये. नाशिकच्या शरणपूर रोडच्या आसपास आमचे ख्रिस्ती लोक इतके राहतात की मी बाल्कनीत शिंकले तरी समोरच्या बिल्डिंगमधून काढ्याची कृती येते.

तर आमच्या ईवाचा बाप्तिस्मा ईस्टरच्या रविवारी ठरला. ईवा म्हणजे माझी लेक, अजून रांगतेय. मी तशी घाबरट आई. ती रडली तर का रडतेय म्हणून घाबरते, झोपली तर श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरते. त्यात बाप्तिस्म्याला आईबापांनी चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर वचन द्यायचं असतं, की या लेकराला आम्ही विश्वासात वाढवू. वाढवू? माझी स्वतःची आध्यात्मिक वाढ रविवारच्या शाळेत खाऊ मिळायचा तिथेच थांबलेली!

आणि ईस्टरआधीच्या नेमक्या त्याच उपवासकाळात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रवचनाला विषय घेतला होता, ख्रिस्ती माणसाची परिपूर्णता. विश्वासात आपण कायम दुधावरच राहायचं का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या मांडीवर ईवा बाटली ओढत होती. ते माझ्याकडेच बघून बोलले, याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. शेवटी ते म्हणाले, प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, येण्याआधी ज्यांच्याविषयी मनात किल्मिष आहे त्यांच्याशी समेट करा.

हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतो. ऐकून सगळे मान डोलावतात आणि पार्किंगमधून गाडी काढायच्या लगबगीला लागतात. ते ऐकून खरोखर कामाला लागलेली अख्ख्या मंडळीत मी एकटी.

किल्मिष शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कुमुदआत्या. माझा नवरा विनय, त्याच्या या सख्ख्या आत्या. लग्न केलं नाही, सगळा जन्म मिशनच्या दवाखान्यात मेट्रन म्हणून गेला. अजूनही घरात शिरल्या की मी नकळत चादर नीट करते. आणि ईवाची गॉडमदर त्याच होणार होत्या. म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात घेऊन उभं राहायचं, त्याच्या वतीने उत्तरं द्यायची, पुढे जन्मभर त्याच्यावर लक्ष ठेवायचं. त्यांनी तेवढ्यासाठी पांढरा फ्रॉक स्वतः शिवला होता, लेस लावून. आता अशा बाईविषयी मनात अढी ठेवून मी बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभी राहू? शक्यच नाही.

विनयला सांगितलं तर तो म्हणाला, "आत्याला यातलं काही माहीत तरी आहे का?"

"म्हणूनच तर सांगायचंय."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी ईवाकडे ती चप्पल तोंडात घालताना पाहते. पण त्याला सातपूरच्या कंपनीची बस गाठायची होती, त्यामुळे माझा नाश काही टळला नाही.

मी द्राक्षांची पेटी घेतली आणि गेले. आत्या खूश. मी म्हटलं, मला तुमची माफी मागायचीय. त्यांनी प्रेमाने माझा हात धरला. तो हात त्यांनी नंतर नक्की कधी सोडला, हे मला सांगता येणार नाही.

कारण मी सुरू झाले ती थांबेचना. नाताळच्या फराळात तुमच्या करंज्या येतात, त्या आम्ही वर्षानुवर्षं वॉचमनला देतो. जेवणाआधीची तुमची प्रार्थना इतकी लांबते की मी मध्येच डोळे उघडून पापड खाते, आवाज होऊ नये म्हणून चघळून. तुमचा फोन आला की ईवा रडतेय म्हणून ठेवते, तेव्हा ईवा झोपलेली असते. आणि मनात मी तुम्हाला हवालदार म्हणते.

एवढं बोलून मला काय हलकं वाटलं म्हणून सांगू! पिसासारखं. संतांना असंच वाटत असणार, असंही मनात येऊन गेलं. आणि मग मी आत्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अहो, त्यांना यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. त्यांच्या मते आमचं छान चाललं होतं!

मग त्या म्हणाल्या, "हवालदार. हे विनयला माहीत आहे?"

आता इथे एखादी साधी, अपूर्ण, पापी बाई सरळ नाही म्हणाली असती आणि घरी गेली असती. पण मी परिपूर्णतेच्या वाटेवर. खोटं कसं बोलणार?

"हो," मी म्हटलं.

"हसला का तो?"

"...हसला."

आत्या उठल्या, द्राक्षांची पेटी माझ्या हातात परत दिली. "पोरीसाठी दुसरी कोणी बघा," म्हणाल्या आणि दार उघडून धरलं.

मी जिन्यातच बसले. बाप्तिस्मा तोंडावर आलेला आणि मी माझ्या लेकराची गॉडमदर घालवून बसले होते. तीही देवाचं ऐकून!

विनय संध्याकाळी आल्या पावली त्यांच्याकडे गेला. आत्यांनी जाळीच्या दारातूनच त्याला, हवालदाराकडे काय काम आहे, असं विचारलं. तो परत आला तो थेट टीव्हीसमोर बसला. टीव्ही बंद होता.

मग मी दुसरी चूक केली. मंदाकाकूंना फोन केला. मंदाकाकू आमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी आणि आत्यांच्या मैत्रीण. म्हटलं, त्या समजूत काढतील. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, हळहळल्या आणि मग अगदी सहज विचारलं, "माझ्याबद्दल नाही ना गं तुझ्या मनात काही?"

मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. मला कळतंय. पण मी विचार केला. प्रामाणिकपणे, आठवून बघितलं. आणि फोनवर विचार करणं किती मोठ्याने ऐकू जातं!

"बरं," मंदाकाकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मंडळीतल्या बायका मला भाजीबाजारात गाठायला लागल्या. कोणी वांगी निवडता निवडता, कोणी थेट, तिच्याबद्दल माझं काय मत आहे ते विचारायचं. एकीने तर आधीच सांगून टाकलं की तिच्या सुनेने काही सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मी त्या सुनेला ओळखतसुद्धा नव्हते.

शेवटी पाळकसाहेब घरी आले. त्यांनी शांतपणे समजावलं, की आपल्या वागण्याने कोणी दुखावलं असेल तर त्याची माफी मागायची. मनात जे आलं ते देवाला सांगायचं, त्याला आधीच माहीत असतं, धक्का बसत नाही. आत्यांना कशाला? माणूस एका दिवसात पूर्ण होत नाही, हळूहळू वाढतो, तुमच्या ईवासारखा. मला रडूच आलं. इतकं साधं होतं हे. प्रवचनातच का नाही सांगितलं?

मी विचारलं, आत्या येतील का? ते म्हणाले, प्रार्थना करतोय. मग चपला घालता घालता घुटमळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या प्रवचनांबद्दल... तसं काही नाही ना?"

"चहा राहिला की तुमचा," मी म्हटलं. एवढी तरी सुधारणा माझ्यात झाली होती.

ईस्टरला आम्ही चर्चच्या दारात पोचलो. ईवाला दुकानातला फ्रॉक घातलेला, तो टोचून ती किरकिरत होती. आत शिरले आणि पहिल्याच बाकावर पांढऱ्या साडीत ताठ बसलेली पाठ दिसली. शेजारी घडी घातलेला लेसचा फ्रॉक.

आत्यांनी ईवाला माझ्याकडून घेतलं, बाकावर आडवं केलं आणि मी श्वास घेईपर्यंत तिचे कपडे बदलून टाकले. कुंडापाशी त्यांनी ईवाच्या वतीने अशा खणखणीत आवाजात उत्तरं दिली की सैतान नाशिक सोडून गेला असणार. पाणी पडलं तरी पोरगी रडली नाही. हिंमतच झाली नसेल.

मला तर हुंदका आवरेना. बाकावर येऊन बसलो, प्रभुभोजनाची तयारी सुरू झाली, तशी मी हळूच म्हटलं, "आत्या, तुम्ही माफ केलंत मला."

"मी पोरीसाठी आले," आत्या समोर बघत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण तू बोललीस ते बरं केलंस. प्रभुभोजनाआधी मलाही एक सांगून टाकायचंय. बुधवारी आमची मंडळाची प्रार्थना असते ना, तू ईवाच्या झोपेमुळे येत नाहीस ती. तिथे आम्ही सगळ्या तुझ्यासाठी प्रार्थना करतो. लग्न होऊन आलीस तेव्हापासून. मीच मागितली होती."

मी गारच पडले. सगळ्या? लग्नापासून?

"कशासाठी?"

"तुझा गर्व जावा म्हणून."

आता तुम्हीच सांगा, मला गर्व? मला! घरोघरी पेटी घेऊन माफी मागत फिरणारी मी! कानशिलं तापली माझी. पुढची रांग उठून वेदीकडे निघाली होती, शेजारचे उठून उभे राहिले, आणि मी बसल्या जागी दात आवळून आत्यांना म्हणाले, "अहो आत्या, माझ्याइतकी नम्र बाई या अख्ख्या चर्चमध्ये दाखवा मला एक तरी."

आत्यांनी माझ्याकडे अगदी शांतपणे पाहिलं. ईवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, पदर सावरला आणि उठता उठता म्हणाल्या,

"बरं. मग बुधवारचं चालू ठेवायला सांगते."