धूर बघायला आलेले साहेब

माझी भाकरी सरपंचाने कुत्र्यापुढे टाकली. चव कुणीच बघितली नाही. आणि ब्लॉकच्या बाईंनी कागदावर लिहिलं, भाकरी बरी झाली.

तेव्हा उस्मानाबादहून ब्लॉकची, म्हणजे सरकारी विकास कचेरीची, माणसं बिनधुराच्या चुली घेऊन खेडोपाडी फिरत होती. आमच्या गावात तुळजापूरकडच्या या शिकलेल्या बाई आल्या. म्हणाल्या, बायकांना चूल झेपते का ते आधी तपासायचं, मग घरोघर द्यायची. महारवाड्यात माझ्या अंगणात एक चूल बांधली. दोन तोंडं, मागे पत्र्याचं धुराडं. मला जमली तर सगळ्या वस्तीला मिळणार होती. माझ्या सासूचे डोळे धुराने चालले होते. लाल, सदा गळणारे. मला ती चूल हवी होती. जिवापाड हवी होती.

तपासणीच्या दिवशी सरपंच आला, मागून निम्मं गाव. विटाळ नको म्हणून सगळे लांब उभे. काठवट माझी, तवा माझा, पाणीही माझंच. बाई म्हणाल्या, "मी काही सांगणार नाही. तू तुझं कर. मी फक्त बघणार."

मी तुराट्या पेटवल्या. पुढच्या तोंडावर तवा ठेवला. मागचं तोंड उघडं राहिलं, आणि तिथून धुराचा लोट निघाला तो थेट माझ्या तोंडावर. मागे भांडं ठेवून ते तोंड बुजवायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी खोकत होते, पदराने डोळे पुसत होते आणि गाव खदाखदा हसत होतं.

सरपंच म्हणाला, "बाई, हिला जमलं तर म्हशीलाबी जमंल!"

बाई हसल्या नाहीत. पण त्याला गप्पही केलं नाही. खाली मान घालून लिहीत राहिल्या.

मग मीच मागे गाडगं ठेवलं. धूर थांबला. भाकरी टम्म फुगली. चव बघणार, असं बाईंनी आधी सांगितलं होतं. त्यांनी हात पुढे केला, सरपंचाकडे पाहिलं, मागे घेतला. सरपंचाने काठीने भाकरी धुळीत ढकलली आणि कुत्र्याला हाक मारली.

पुढच्या आठवड्यात मी सरपंचाच्या परसात गोवऱ्या थापायला गेले. उघड्या दारातून दिसलं, आत सैपाकघरात तशीच चूल बांधलेली. पुढे पाटलीणबाई, म्हणजे सरपंचाची बायको, आणि शेजारी पाटावर आमच्या ब्लॉकच्या बाई.

"वहिनी, फार वाकावं लागतं का? तोंड लहान वाटतं का? सांगा, मोडून पुन्हा बांधू."

पाटलीणबाई सांगत होत्या, बाई ऐकत होत्या. वर त्यांच्या हातची भाकरी मागून मागून खाल्ली. माझ्या हातातलं शेण हातातच राहिलं. तिला विचारलं. मला नुसतं बघितलं. बाजारात जनावर बघतात तसं. तसंही नाही, जनावराचे दात बघताना माणूस हात तरी लावतो. मला इतका संताप आला की कानशिलं तापली.

मग वस्तीवर जीप आली. तालुक्याचे साहेब, सरपंच, बाई. बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "त्या दिवशीसारखंच कर. मागचं तोंड उघडं ठेव. अडाणी बाई कुठे चुकते, ते साहेबांना बघायचंय."

आता त्या चुलीवर माझा हात बसला होता. सासू तिच्यापुढे बसून डोळे न पुसता जेवायची. आणि ही बाई मला म्हणत होती, पुन्हा धूर खा, पुन्हा हसं करून घे.

मी उठले. 

"बाई, पाटलीणबाईस्नी तुमी इचारलं. मलाबी इचारा. न्हायतर दारातनं माघारी जावा. चूक करून दावनार न्हाय म्या."

"लई जीभ चालाय लागली गं! साहेबापुढं? बस खाली!" सरपंच ओरडला.

"न्हाय बसत."

साहेबांनी घड्याळ बघितलं. बाई जीपकडे वळल्या. जीप गेली. दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या गड्यांनी धुराडं उपसून नेलं. गावात चुली आल्या. वस्तीत एकही आली नाही.

सासूने माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी एकदा म्हणाली, "डोळे माजे गेले, ताठा तुजा ऱ्हायला."

तिला पुढे दिसेनासं झालं. हात धरून मीच तिला हिंडवलं. त्याचं दुःख मला मरेपर्यंत आहे. पण तिचे डोळे माझ्या ताठ्याने गेले नाहीत. एका चुलीसाठी त्यांनी माझी अब्रू मागितली, म्हणून गेले. ते पाप त्यांचं. मी ते माझ्या डोक्यावर घेणार नाही.

आजही वस्तीवर कुणी काही तपासायला आलं की पहिला प्रश्न मी विचारते. गावात कुणाकुणाला विचारून आलात? काय विचारलंत? आम्हालाही तेच विचारणार का? सुनांना, लेकींना मी हेच शिकवलंय. उत्तर देता आलं नाही तर त्यांना अंगणातूनच परत पाठवायचं. मग ते काहीही द्यायला आलेले असोत.