मांडुळाचं शेपूट

काळजी लागली की माणसं विनोदी वागायला लागतात आणि किस्से आपोआप साचतात. आमचे साचले ते चिंचवडच्या एका भंगारवाड्यात. तिथं बंद पडलेल्या कुठल्याशा नॅरोगेज फाट्यावरचं वाफेचं इंजिन आलं होतं. मधे बॉयलर आणि दोन्ही टोकांना आपापल्या चाकांवर फिरणारा एकेक सांगाडा. वळण आलं की अख्खं इंजिन सांध्यांत वाकायचं! असलं यंत्र कापणार? माझं रक्त उसळलं. मी आणि आमच्या कंपनीतला फिटर कांबळे, आम्ही भंगारवाल्या शेठकडून शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर माझ्या जुन्या कॉलेजचं ‘इंजिन आम्ही ठेवतो’ असं पत्र आणायचं होतं.

*

प्रिन्सिपॉलसरांनी इंजिनाचा फोटो उलटसुलट करून पाहिला. “गेटसमोर याचं तोंड येणार की पाठ?”

“सर, दोन्हीकडून सारखंच आहे.”

“मग कमिटीपुढे ठेवावं लागेल!”

*

शेठचा एक रिवाज होता. ट्रक असो, बस असो, कापायची ती शेपटाकडून. “तोंडाला आधी आग लावली की ती धंद्याला लागते!”

“कुणी सांगितलं?” कांबळेनं विचारलं.

“वडिलांनी. ते तोंडाकडून कापायचे, धंदा बुडाला!”

*

रोज जेवणाच्या सुट्टीत सायकली हाणत जाऊन आम्ही इंजिनाच्या सांध्यांना तेल घालायचो. गॅसकटर चालवणारा पुनावळ्याचा धोंडिबा बघत बसायचा. गुरुवारी म्हणाला, “फासावर जाणाऱ्याला मालिश करताय व्हय?”

त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला.

*

शुक्रवारीही पत्र नाही. धोंडिबानं इंजिनाभोवती दोन चकरा मारल्या. “आरं, हे तर मांडूळ हाय! दोन तोंडाचं. मांडूळ मारत न्हाईत.”

अंधश्रद्धेवर मी कॉलेजात तास-तास भाषणं ठोकलेली. तोंड उघडणार, तेवढ्यात कांबळेनं माझा पाय दाबला आणि कानात पुटपुटला, “मांडुळाला एकच तोंड असतं, मलाही माहितीये. आजचा दिवस विज्ञान राहू दे, राव!”

*

शनिवार. पोस्टमन येऊन गेला, रिकामाच. शेठ ओरडला, “घे धोंडिबा, शेपटाकडून!”

धोंडिबा नळी ओढत एका टोकाला गेला. थांबला. दुसऱ्या टोकाला गेला. परत आला आणि खाली बसला. “शेठ, शेपूट दावा. लगेच कापतो.”

शेठनं चष्मा पुसून दोन्ही टोकं पाहिली. मग माझ्याकडे वळला. “साहेब, तुम्ही शिकलेले. शेपूट कुठलं, तुम्हीच सांगा.”

कांबळेनं पुन्हा माझा पाय दाबला.

“शेठ,” मी म्हणालो, “कमिटीपुढे ठेवावं लागेल!”